शेंदरी डबा

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी आईला दोनच गोष्टी सांगितल्या. "पोरगा रेल्वेत हाय. ऱ्हायाला घर बी रेल्वेचंच हाय." आईनं लगेच देवापुढं साखर ठेवली. निजामाचं राज्य जाऊन तीन-साडेतीन वर्षं झाली होती. कचेऱ्यांतली उर्दू गेली, जहागिऱ्या गेल्या, मोठमोठ्यांची मानाची पानं उलटली, पण आगगाडी येत होती तशीच येत राहिली. टिकणाऱ्या गोष्टींवर आमच्या वडिलांचा फार जीव. रेल्वेचं घर म्हणजे रुळांवर उभं असलेलं घर, हे त्यांनी विचारलं नाही आणि मुलाकडच्यांनी सांगितलं नाही.

लग्न पोखर्णीच्या बाजूला आमच्या गावी लागलं आणि चौथ्या दिवशी आम्ही पूर्णेला उतरलो. मला वाटलं, आता क्वार्टरच्या रांगेकडं वळायचं. पण मालक माझी ट्रंक डोक्यावर घेऊन रूळ ओलांडत निघाले. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात, आणि या वयात मी दुसरं काही म्हणायला शिकणार नाही. पार यार्डाच्या टोकाला, जिथं एंजिनांची राख टाकत, तिथं एक राखाडी डबा उभा होता. त्याच्या दाराशी त्यांनी ट्रंक उतरवली.

"सामान हितं ठेवायचं?" मी विचारलं.

"सामान बी हितंच, अन् आपुन बी हितंच," ते म्हणाले आणि हसले. मला इतका संताप आला की मी संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. नव्या नवरीचा रुसवा म्हणून त्यांनी तो गोड मानून घेतला, त्याचा मला आणखी राग आला.

मालक पुलांच्या कामावरचे मिस्त्री होते. गंज खरवडायचा, सैल झालेले रिबीट, म्हणजे लोखंडी खिळे, काढून नवे ठोकायचे, मग रंग द्यायचा. गंगाखेडचा गोदावरीवरचा पूल, दुधनेवरचा, पूर्णा नदीवरचा आणि मधल्या ओढ्यानाल्यांवरचे लहानसहान. काम जिथं, तिथल्या स्टेशनाच्या बाजूच्या रुळावर आमचा डबा नेऊन उभा करत. काम संपलं की एखाद्या मालगाडीला जोडून पुढच्या ठिकाणी. कुठं चार आठवडे, कुठं तीन महिने. डबा मूळचा मालाचाच, लाकडी फळ्यांचा आणि लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला. दोन्ही अंगांना खिडक्या पाडल्या होत्या आणि मधे फळ्यांची आडभिंत होती. अलीकडं आमचा संसार, पलीकडं घण, पाने, दोर आणि रंगाचे पिंप. मालकांच्या हाताखालचे आठ गडी मागच्या दुसऱ्या डब्यात राहत. आमच्याहून त्यांचा डबा मोठा होता, हे मी मालकांना वरचेवर ऐकवत असे.

अशा घरात संसार कसा करायचा हे मला आईनं शिकवलेलं नव्हतं, कारण तिलाच ते ठाऊक नव्हतं. मी माझं मी शिकले. फळ्यांवर शेणाचा सारवा दिला की दोन दिवस घर घरासारखं दिसे. डबा हलला की त्याच्या खपल्या उडत. एंजिनातला कोळसा शेगडीला मिळे, पण त्याच्या धुराचा वास भाकरीला लागे. तुळस रॉकेलच्या रिकाम्या टिनात लावली होती. आणि डबा जोडायला एंजिन आलं की एकच नियम: घरात जे जे उभं आहे ते आडवं करायचं. हंडा रिकामा करून आडवा, उतरंड मोडून आडवी, तुळस दोरीनं बांधून कोपऱ्यात. देवांना गोधडीत गुंडाळून निजवायचं. मालक पायरीवर उभं राहून विचारत, "देव निजले का गं?" मी "निजले" म्हटलं की ते डबे जोडणाऱ्या जमादाराला हात करत आणि घर चालू लागे.

आईच्या पत्रांवर पत्ता असे तो मिस्त्रींचा डबा, पूर्णा. पूर्णेचा पोस्टमन ते स्टेशनात देई आणि स्टेशनवाले ज्या गाडीनं जमेल त्या गाडीनं आमच्यामागं धाडत. राखीचं पत्र मला एकदा घटस्थापनेला मिळालं. कुठल्याही गावात पाणी भरायला गेलं की बाया विचारत, "तुमचं घर कंचं?" मी बोट दाखवी. "त्ये बघा, सायडिंगला उभं हाय." त्यांतली एखादी तोंडाळ निघे. "अन् उद्या कुटं?" मग मीही कमी नव्हते. "उद्याचं एंजिनाला इचारा."

मालकांना मात्र हे जिणं मनापासून आवडायचं. संध्याकाळी दारात पाय सोडून बसत आणि म्हणत, "शेजारीण भांडली तर घरच उचलून चालू लागायचं. ह्ये सुख कंच्या राजाला हाय?" मी म्हणे, भांडायला शेजारीण तरी कुठं आहे? त्यावर ते म्हणत, "मी हाय की." खोटं कशाला सांगू, भांडायला ते बरे होते. आमचं त्या काळात चांगलं चाललं होतं.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले, आणि घर हलतं या गोष्टीची मला पहिल्यांदा भीती वाटू लागली. डबा हलवायचे दोन प्रकार असतात. एक, एंजिन डब्याला धरून नेतं आणि धरूनच हळू उभं करतं. दुसरा, एंजिन मागून धक्का देतं आणि सोडून देतं. डबा आपल्या जोरावर घरंगळत जातो आणि पुढं उभ्या असलेल्या डब्यांवर जाऊन आदळतो. ज्वारीच्या पोत्यांना त्यानं काही होत नाही. माणसं राहतात तो डबा असा सोडत नाहीत, तशी रीतच आहे. तरी प्रत्येक वेळी मी पोटाला हात लावून बसे. मालक एंजिनाच्या पुढं जाऊन सांगत, "आत बाई हाय. पोटुशी हाय. धरून न्या." मी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं की आठवा लागला की मला माहेरी पोचवायचं, आणि मूल झाल्यावर एका जागी राहणारं घर मागायचं. त्यांनी दोन्हींना मान डोलावली होती.

आता रंगाचं सांगते.

दसऱ्याच्या आधी आमच्याकडं बाया भिंती पोतारतात. पांढऱ्या मातीचा हात फिरला नाही तर ते घर सणाचं वाटतच नाही. मला भिंतच नव्हती. मागच्या दसऱ्याला मी नुसती हळहळले होते. त्या वर्षी पिंपात शेंदरी रंग उरला होता. पुलाला आधी तोच देतात, म्हणजे गंज चढत नाही. मारुतीच्या अंगावर असतो अगदी तसा. पाचवा महिना होता, अंगात हुरूप होता. मी म्हटलं, "आपल्या घराला ह्यो देऊ का?" मालकांनीच तेल घालून रंग ढवळून दिला, मला चढायला पेटी आणून दिली आणि ती हलू नये म्हणून धरून उभे राहिले.

दाराच्या अंगाला माणसाच्या उंचीवर इंग्रजी अक्षरांच्या दोन पांढऱ्या ओळी होत्या. दुसऱ्या अंगाच्या कधीच्या झिजून गेल्या होत्या. या डब्यात माणसं राहतात, याला धक्का देऊ नये, असं त्या सांगत होत्या. माझ्या मराठी चार इयत्तांना त्या कळणाऱ्या नव्हत्या. मी विचारलं, "ह्ये काय लिव्हलंय?" मालकांना ठाऊक होतं. यार्डात काम करणाऱ्या सगळ्यांनाच ती अक्षरं ठाऊक असतात. ते वर बघून म्हणाले, "रेल्वेचं कायबाय आसतंय. लाव तू, मागनं परत लिवू." त्या डब्यात आल्यापासून मी इतकी खुशीत कधीच नव्हते, आणि त्यांना ती खुशी मोडवेना. मी दोन्ही ओळींवरून कुंचा फिरवला. वर चुन्यानं सूर्य-चंद्र काढले, दाराला झेंडूचं तोरण बांधलं. गडी म्हणाले, "वैनी, देऊळच केलं की." त्या दिवशी ते घर मला पहिल्यांदा माझं वाटलं.

दसऱ्यानंतर गोदावरीच्या पुलावर कामाची घाई होती आणि परत लिहायचं राहून गेलं. सूर्य-चंद्र दवानं धुऊन गेले. एंजिनांची काजळी बसून शेंदरी रंग काळवंडला, आणि काळवंडलेला शेंदरी हाच तर सगळ्या मालडब्यांचा रंग. शंभर डब्यांत उठून दिसणारा आमचा राखाडी डबा मी स्वतःच्या हातानं त्या शंभरांत मिसळून टाकला होता.

मार्गशीर्षात काम संपलं आणि पहाटेच्या मालगाडीनं आम्हांला पूर्णेच्या यार्डात आणून सोडलं. सातवा सरत आला होता. पंधरा दिवसांनी मी माहेरी जाणार होते. गडी ट्रॉली घेऊन पुढच्या कामावर गेले. मला हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याच्या भाजीची वासना झाली होती, म्हणून मालक बाजारात गेले. जाताना म्हणाले, "आज काय डबा हालत न्हाई, निवांत बस." शेजारी कोळसा उतरवत होते. धूळ आत येऊ नये म्हणून मी दार आणि खिडक्या लावून घेतल्या आणि भाकरीला बसले.

सकाळचे दहा वाजले असतील. डबा हलला. एंजिनाची शिट्टी मी ऐकली होती, पण यार्डात शिट्ट्या चालूच असतात. मला वाटलं, मालक परत आले असतील आणि बाहेर उभे असतील. मग डबा जोरानं जाऊ लागला आणि मागं एंजिनाचा आवाज नव्हता. उभं आहे ते आडवं करायचं, दीड वर्ष माझ्या हातांना तेवढंच वळण लागलं होतं. मी भरलेला हंडा धरायला उठले. डबा आदळला आणि मी आडभिंतीशी ठेवलेल्या रिबिटांच्या पेटीवर पोटावर पडले.

दार उघडलं ते शंटिंगच्या जमादारानं. एंजिनाला हात करून डबे सोडायचं काम त्याचं. पन्नाशी उलटलेला, दाढी पिकलेला मुसलमान माणूस, निजामाच्या वेळेपासून त्याच यार्डातला. आत बघून त्यानं तोंडावर हात मारून घेतला. "या अल्ला, अंदर तो औरत है!" धावत जाऊन त्यानं क्वार्टरमधल्या दोन बायांना आणलं. दुपारी मला मुलगी झाली. ती रडली नाही. मालकांनी तिला यार्डाच्या पलीकडं बाभळीखाली पुरलं. हरभऱ्याचा पाला दोन दिवस दारात तसाच पडून सुकला.

तिसऱ्या दिवशी चौकशीला साहेब आले. त्या सकाळी मी अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेर टिनाचा आवाज ऐकला होता, टर्पेंटाइनचा वास आला होता. मालक काय करत आहेत ते मी विचारलं नाही. मला कशातच गोडी उरली नव्हती. साहेब दाराशी आले तेव्हा मी फटीतून बघत होते. साहेबांनी डब्याच्या अंगावर छडी ठेवली आणि जमादाराला म्हणाले, "यहाँ क्या लिखा है?"

"अंग्रेजी नै आती, साब. पर ये अक्षरां पैचानते हम. अंदर आदमी है, धक्का नै देना बोलके लिखा है."

"फिर?"

जमादार पुढं झाला. अक्षरांपासून वीतभर अंतरावर तोंड नेऊन बघत राहिला. मालकांनी त्या ओळी सकाळी लिहिल्या होत्या आणि नव्या वाटू नयेत म्हणून वरून कोळशाची भुकटी चोळली होती. "उस दिन नै था, साब," तो म्हणाला. "था तो हम कैकू सोडते?"

दसऱ्याला मी कुठल्या ओळी पुसल्या ते मला त्या घडीला कळलं. साहेबांनी दारात वाकून मला मराठीत विचारलं, "बाई, ही अक्षरं त्या दिवशी होती का?"

त्यांच्या मागं मालक उभे होते. त्यांनी मान वर केली नाही. मला हेही ठाऊक होतं की निजाम गेल्यानंतरच्या त्या दिवसांत एका मुसलमानाच्या बाजूनं कुणी दोन शब्द बोलणार नाही. खरं बोलले असते तर माझ्या मुलीला माझ्याच हातानं मारलं असं झालं असतं. ते मला नको होतं. मला दुसऱ्या कुणाचा तरी हात हवा होता.

"होती," मी म्हणाले. "पयल्यापास्नं हायती."

जमादारानं माझ्याकडं पाहिलं, मग अक्षरांकडं, मग पुन्हा माझ्याकडं. खांद्यावरच्या रुमालानं त्यानं दोन्ही डोळे पुसले, रडत नव्हता तरी. "बाई झूट कैकू बोलतीं," तो साहेबांना म्हणाला. "उनका तो बच्चा गया. मेरेकूच दिखा नै हुंगा." त्याला कामावरून काढलं.

पुढची दीड वर्षं आम्ही त्याच डब्यात हिंडलो. दाराबाहेर पाऊल टाकलं की त्या दोन ओळी समोर. वाचता येत नसल्या तरी आकारानं त्या मला पाठ झाल्या. मालकांची थट्टा बंद झाली. एंजिन आलं की ते स्वतः आत येऊन देव गोधडीत निजवत, मला हात लावू देत नसत. एकदाच मी विचारलं, "तुमी लिवलं कशापायी?" ते म्हणाले, "भाकर गेली आस्ती." आणि थोड्या वेळानं, "तू तरी हो कशापायी म्हनलीस?" दुधनेच्या पुलावर आम्ही तीन महिने होतो, तेवढ्यात आमच्यात त्याहून लांब बोलणं झाल्याचं मला आठवत नाही.

त्यातच मला पुन्हा दिवस गेले. सहावा लागला तेव्हा डबा सेलूला होता. पाण्यावर एक म्हातारी भेटली. धनगराची होती, मेंढरं घेऊन देवगाव फाट्याकडून आली होती. माझ्या पोटाकडं बघून तिनं पहिलटकरीण का म्हणून विचारलं. मी पहिलीचं सांगितलं, जमादाराचं नाही. ती सहज म्हणाली, "कुनाचा तळतळाट आसला म्हंजी कूस ऱ्हात न्हाई, माय. कुनाचं वाकडं केलं आसलंस तर पाय धर." बोलून ती मेंढरांमागं निघून गेली. माझी घागर भरून वाहून चालली होती तरी मी तिथंच उभी होते.

मी काही न्यायाची चाड म्हणून पूर्णेला गेले नाही. कुणी मला चांगली बाई समजू नये. मी भिऊन गेले. त्या माणसाचा शाप माझ्या पोटावर आहे आणि तो उतरवल्याशिवाय हे मूल जगणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. संध्याकाळी मालकांना म्हणाले, "मी जमादाराला जाऊन सांगनार हाय."

ते पायरीवर बसले होते. "मग मला बी साहेबाला सांगावं लागंल," ते म्हणाले. "डबा जाईल. मिस्त्रीपन बी जाईल."

"जाऊ द्या."

नको म्हणाले असते तर मी थांबले असते, हे लिहिताना आजही लाज वाटते. पण ते म्हणाले, "सकाळच्या गाडीनं जा. उनाच्या आत पोचशील."

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे कुणी भलती आशा धरायला नको. मालकांनी आठ दिवसांत जबाब दिला. त्यांचं मिस्त्रीपण काढून त्यांना साधं गँगमन केलं आणि मिरखेलच्या बाजूला एका फाटकाशेजारची खोली दिली. डबा दुसऱ्या मिस्त्रीकडं गेला. जमादाराची नोकरी काही परत आली नाही. त्याचं वय झालं होतं, आणि झालेलं मागं फिरवायची कुणाला गरज वाटली नाही. माझा मुलगा माहेरी सुखरूप झाला. त्याला वाढवताना या कशाचीच मी त्याला ओळख करून दिली नाही.

तर दुसऱ्या दिवशी मी पूर्णेला उतरले. जमादाराचं घर यार्डाच्या मागच्या वस्तीत होतं. मातीचं, दोन खणांचं, पुढं लिंबाचं झाड. त्याची बायको सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. तो झाडाखाली बाजेवर होता, पण रुळांकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून. दोन हातांवर मातीची भिंत, आणि हा तिच्याकडं बघत बसलेला.

मी कोण ते सांगितलं. बाईच्या हातातलं सूप थांबलं. मला वाटलं, आता ती शिव्या देईल. मी त्याच तयारीनं आले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "उनकू जोर से नक्को बोलो, बेटी. उनके आंखां गए."

"आंधळे झाले?"

"दिखता, सब दिखता. पर मानते नै. इत्ते बडे अक्षर मेरेकू नै दिखे, मेरे आंखां का क्या भरोसा, बोलते. मस्जिद कू हात पकडके ले जाना पडता. रेल आई तो मुं फिरा लेते." तिनं सूप खाली ठेवलं. "तुमारी बच्ची उनके आंखां से गई, बोलते."

मी त्याच्या समोर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले, म्हणजे त्याला माझ्याकडं बघावंच लागलं. बसण्याचा धीर झाला नाही. "चाचा," मी म्हणाले, "त्या दिवशी डब्यावर काहीच लिव्हलेलं नव्हतं. मी दसऱ्याला रंग दिला, अक्षरं पुसली. मालकांनी मागनं लिव्हली, साहेब यायच्या दिवशी. मी खोटं बोलले."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मला वाटलं, माझी मराठी त्याला कळली नाही. "नै था?" त्यानं विचारलं.

"नव्हतं."

"हौ? नै था?"

"न्हाई, चाचा. तुमच्या डोळ्यांना काय झालं न्हाई."

तो उठला. बायको हात धरायला पुढं झाली, त्यानं तिला हातानंच थांबवलं. झाडाला वळसा घालून तो यार्डाकडं तोंड करून उभा राहिला. तीन-चार रुळांपलीकडं एक मालगाडी उभी होती. तो डोळे बारीक करून शेवटच्या डब्यावरचे आकडे एकेक करून वाचू लागला. "चार... सात... एक... नौ... दो." मग माझ्याकडं वळला. "देखो बेटी, बराबर है?"

माझ्या जागेवरून मला नुसतं पांढरं काहीतरी दिसत होतं. इंग्रजी आकडे मालकांनी शिकवले होते, पण इतक्या लांबचं कुणाला दिसणार? मी पोट सांभाळत दोन रूळ ओलांडून जवळ गेले. चार, सात, एक, नऊ, दोन. "बरोबर हाय," मी तिथूनच ओरडले. त्यानं त्याच्या पुढचा डबा वाचला. मी पुढं गेले, बघितलं. बरोबर. असे त्यानं पाच डबे वाचले आणि मी पाचही तपासले. पाचव्याला त्याचा आवाज फुटला. परत आले तेव्हा तो बाजेवर बसून दोन्ही हातांनी डोळे झाकून रडत होता आणि त्याची बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

शिव्या काही आल्या नाहीत. पण ज्यासाठी आले होते ते राहिलं होतं, आणि मला गाडी गाठायची होती. मी निर्लज्जासारखं विचारलं, "चाचा, तुमचा तळतळाट आमाला लागला का? माज्या ह्या पोराला शाप तर न्हाई ना दिला तुमी?"

त्याला आधी कळलंच नाही. बायकोनं समजावून सांगितल्यावर त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी भलतंच काही बोलले आहे. "तुमकू मैं कैकू बद्दुआ देता?" तो म्हणाला. "मैं तो हर जुम्मे कू उस बबूल के नीचे जाके बैठता था. उस बच्ची से माफी मांगता था."

मला काय वाटलं ते सरळ लिहिते. ज्याच्या शापाला भिऊन मी आले होते, तो माणूस माझ्या हातच्या चुकीसाठी दीड वर्ष माझ्या मुलीपाशी जाऊन बसत होता. मी तिची आई, आणि त्या दीड वर्षात आमचा डबा पाच वेळा पूर्णेत उभा राहिला होता. मी त्या बाभळीखाली एकदाही गेले नव्हते.